मोड आया, जबान मोड

दस्तगीरचाचा, भवानी पेठ, सोलापूर.

आधी नाव, मग माल. शिस्त त्यांचीच. रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून गावभर जाहिरात करत फिरणाऱ्यानं पहिल्याच वाक्यात मालकाचं नाव घ्यायचं असतं, कारण दुसऱ्या वाक्यापर्यंत रिक्षा पुढच्या दारापाशी पोचलेली असते आणि ऐकणारी बाई कुकर उतरवायला आत गेलेली असते. म्हणून मीही आधी नाव घेऊन मोकळा झालो. आता माल. माल म्हणजे मीच. मालिकांत, सिनेमांत मिळेल ते काम करणारा, तोंडावरून सगळ्यांच्या ओळखीचा आणि नावावरून कुणाच्याच ओळखीचा नसलेला एक नट. लोक रस्त्यात थांबवतात, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय," म्हणतात, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच ठरवून टाकतात की मी त्यांच्या बँकेत होतो.

शाळा माझी नववीत सुटली. कशी सुटली, ते जाऊ दे. मैंदर्गीच्या घरात कानडी, शाळेत मराठी, आणि दोन्ही अर्धी अर्धी घेऊन मी सोलापुरात आलो. तेव्हापासून लिहायची धास्ती आहे. कुठं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. आता राहतो मुंबईत, भाड्याच्या खोलीत. हे तिथंच बसून लिहितोय, पण नाकात अजून सोलापूर आहे.

यंदा होळी होऊन ऊन तापायला लागलं तेव्हा एका सिनेमाचं शूटिंग सोलापुरात लागलं. मला त्यात चांगला मोठा रोल होता. इतकी वर्षं मी हवालदार झालो, कीर्तनकार झालो, नायिकेचा बहिरा काका झालो, गावगुंड झालो, त्याच गावगुंडानं मारलेला माणूस झालो. दर वेळी काहीतरी शिकावं लागायचं. टाळ धरायला शिकलो, लाठी धरायला शिकलो, मेल्यावर श्वास धरून ठेवायला शिकलो. आणि या वेळी रोल कुठला, तर सोलापुरात रिक्षातून जाहिरात करत फिरणारा माणूस! आता बोला. हे तर मी करून बसलेलो. दिग्दर्शकानं मला घेतलं तेच त्यासाठी. आईला फोन करून सांगितलं, "यव्वा, या वेळी काही शिकायचं नाही." माझ्या तोंडून असलं काही निघालं की पुढं काय होतं, ते मला पाठ असायला हवं होतं.

पहिला दिवस. भवानी पेठेतली गल्ली. मुंबईहून ट्रकमधून रिक्षा आणलेली, नवी कोरी, तिच्यावर गंज रंगवलेला. सोलापुरात गंजलेल्या रिक्षांचा दुष्काळ पडलाय का? पण मी काही बोललो नाही. मी कधीच काही बोलत नाही. काम जाईल ही भीती माझ्या पोटात कायमची राहायला आलेली आहे. माईक हातात घेतला, म्हणालो, "या की मावशी, लई झ्याक माल हाय बगा!"

"कट," दिग्दर्शक म्हणाला. तिशीतला पोरगा, बोलायला फार गोड. "मस्त, सर. फक्त... थोडं खोटं वाटतंय."

पुन्हा केलं. पुन्हा खोटं. मग त्यानं भाषेसाठी ठेवलेल्या मुलीला पुढं केलं. मृण्मयी तिचं नाव, पुण्याची. सोलापूरची बोली नीट यावी म्हणून तिला खास आणलेली. मला, मैंदर्गीच्या माणसाला, पुण्याची मुलगी सोलापूरचं मराठी शिकवणार! संताप संताप झाला. तोंड वाकडं करून मी म्हणालो, "सांगा बाई."

ती घाबरतच म्हणाली, "दादा, रागावू नका हं. तुम्ही 'हाय' म्हणताय, पण आधी मनात 'आहे' म्हणताय, आणि मग 'हाय' म्हणताय."

राग यायचा होता तो जागच्या जागी बसला. खरं होतं. वाईट याचंच वाटलं की खरं होतं.

मुंबईत आल्या आल्या प्रत्येक ऑडिशनला मला त्या 'हाय'वरून हाकललं होतं. "तुमी" नाही, "तुम्ही". "पानी" नाही, "पाणी". "कुटं" नाही, "कुठे". आरशापुढं उभा राहून मी एकेक अक्षर घासलं, जसं आई पितळेचं तपेलं चिंचेनं घासायची. इतकं घासलं की कल्हई गेली, आणि आता कुणी म्हणत होतं, कल्हई दाखवा.

संध्याकाळी निर्मितीचा व्यवस्थापक फोनवर बोलताना ऐकलं. "उद्याचा दिवस बघतो. नाहीच जमलं तर तुम्ही कोल्हापूरहून निघायच्या तयारीत राहा." पलीकडं कोण होतं ते कळायला शाळा लागत नाही. माझी जागा घ्यायला एक माणूस बॅग भरून बसला होता, आणि माझ्या गावात येऊन माझंच काम माझ्यापेक्षा खरं करणार होता.

लॉजवर बसवेना. पेठेत चालत सुटलो.

भवानी पेठेचा वास वेगळा. सुताला लावायच्या खळीचा, भातासारखा आंबूस वास. त्यात बिडीच्या पानांचा, ओल्या तंबाखूचा. त्यात कुणाच्या तरी घरात कुटल्या जाणाऱ्या शेंगाचटणीचा. पूर्वी हा वास मागांच्या खडखडाटावर बसून यायचा. खडखड इतकी की शेजारी बसलेल्यालाही ओरडून सांगावं लागायचं, आणि म्हणून त्या पेठेतली माणसं आजही हळू बोलायचं म्हटलं तर दोन घरांना ऐकू जाईल इतपतच हळू बोलतात. आता बरेच माग बंद पडलेत. एखाद्या दाराआड एखादाच चालतो. ती अधलीमधली शांतता मला सहन होत नाही. खडखडाटात आपला आवाज नीट पोचायचा. शांततेत तो उघडा पडतो.

आणि त्या शांततेत एक रिक्षा गेली. टपावर स्पीकर, आत पेनड्राइव्हवरचा कुठल्यातरी स्टुडिओत भरलेला आवाज: "आपल्या शहरात प्रथमच..." तोच आवाज लातूरला, तोच नगरला. मागची सीट रिकामी.

अशाच एका रिक्षाच्या मागच्या सीटवर मी बसायचो.

चाचांची रिक्षा. रेक्झिन फाटून आतला काथ्या वर आलेला, उन्हाळ्यात तो मांडीला टोचायचा. पायाशी बॅटरी, तिचा आंबट वास. माईकला बांधलेला चाचांचा रुमाल. त्या रुमालाला अत्तर, विडा आणि त्यांच्या श्वासाचा मिळून एक वास होता. माईक तोंडाशी नेला की आधी चाचा नाकात शिरायचे, मग शब्द सुचायचे. सुरू करायच्या आधी ते पुटपुटत बिस्मिल्ला म्हणायचे, मी मनात सिद्धरामेश्वराचं नाव घ्यायचो, आणि दोघं मिळून माईकवर फुंकर मारायचो. भोंगा "फूऽऽ" करायचा. गल्लीतली कुत्री उठायची. धंदा सुरू.

चाचांचा आवाज तेव्हा अख्ख्या सोलापुरात माहीत. जाड, मधाळ, थोडा खरखरीत. त्या माणसानं स्वतःचा माईक काढून माझ्या हातात का दिला, मला आजही माहीत नाही. एका सकाळी म्हणाले, "मैंदर्गी, तू पीछे बैठ. मैं गाडी चलाता. तेरी आवाज ताजी है." माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. गावाचंच नाव. पेठेत अजून मला कुणी दुसऱ्या नावानं ओळखत नाही.

हंगाम जाहिरातींवरून कळायचे. संक्रांतीला सिद्धरामेश्वराची गड्ड्याची यात्रा जवळ आली की सर्कस आणि मौत का कुआँ. उन्हाळ्यात चादरी-टॉवेलांचा सेल, कारण लग्नसराई. आषाढात दातांचा डॉक्टर. आषाढातच का, कुणास ठाऊक. आणि बाराही महिने हरवलेली माणसं, हरवलेली पोरं, एकदा हरवलेली म्हैस. म्हशीचं वर्णन वाचताना माझा आवाज भरून आला होता, तेव्हा चाचांनी रिक्षा थांबवून मागं वळून बघितलं. "क्या रे, तेरी रिश्तेदार थी क्या?"

पण खरी गंमत, खरा वैताग म्हणा, भाषेचा. एका गल्लीत तेलुगू. वळलं की मराठी. त्याच्या पुढं आमच्या कानडी माणसांची वस्ती. मशिदीमागं चाचांची हिंदी. ते तिला हिंदी म्हणायचे, दिल्लीत तसं म्हणायची हिंमत कुणी करणार नाही. माल एकच, पण वळण आलं की भाषा बदलायची, आणि नुसती भाषा नाही, माणूस बदलायचा. तेलुगू आयाबायांपुढं मी लाजरा जावई. मराठी गल्लीत चावट भाचा. कानडी वस्तीत, "बर्री यव्वा, नोड्री यव्वा," करत, या आई, बघा आई म्हणत हात जोडणारं गरीब लेकरू. एकदा एका मुलाखतीत हे सांगितलं तर त्या पत्रकारानं वर मथळा दिला, "भोंग्याने घडवला अभिनेता." म्हटलं, बाबा रे, भोंग्यानं नाही, वळणानं.

ते वळण मला पहिल्याच महिन्यात भोवलं.

तेलुगूत "रंडी" म्हणजे "यावं". अगदी मान देऊन बोलावणं, आपण "या, या हो" म्हणतो तसं. त्या गल्लीत दारोदार बिड्या वळत बसलेल्या बायकांना मी मोठ्या प्रेमानं म्हणत होतो, "रंडी अम्मा, रंडी! चूडंडी!" चूडंडी म्हणजे बघा, आणि त्याही हसून बघत होत्या. मला इतका चेव आला की रिक्षा वळली, मराठी गल्ली आली, आणि मी आपला तसाच, "रंडी अम्मा, रंडी!"

आता ओट्यावर जोंधळे निवडत बसलेल्या मराठी बाईला भोंग्यातून हे ऐकू आल्यावर तिनं काय करावं? सूप खाली ठेवलं, चप्पल हातात घेतली, आणि रिक्षाला आडवी आली.

"कुणाला म्हनला रं मुडद्या? खाली उतर!"

"न्हाय ओ मावशी, या म्हनलो, या!"

"मी येऊ? थांब, येतेच!"

"न्हाय न्हाय, तुमी नगा येऊ!"

"मग बोलावलं कशाला रं? चाचा, कुणाचं बेणं धरून आणलंय ह्ये?"

आणि हे सगळं माईकवर. माईक बंद करायचं भान कुणाला? त्या गल्लीनं, मागच्या गल्लीनं, आणि पलीकडच्या तेलुगू आयाबायांनीसुद्धा माझी लाज भोंग्यातून ऐकली. चाचा खाली उतरले, मावशीच्या हातापाया पडले, तिला तेलुगूचा धडा दिला, आणि परत येऊन इतके वैतागले की विडा थुंकायचा राहून गेला. "मोड आया तो जबान मोडना की नक्को? गाडी मैं मोडता, जबान कौन मोडेगा? तेरा बाप?" थोडं पुढं गेल्यावर पुन्हा, "मोड आया, जबान मोड! लिख ले भेजे में!"

त्यानंतर त्यांनी युक्ती काढली. इंजिनाच्या आवाजात मागं सांगता येत नसे, म्हणून वळण आलं की उजव्या हातातली फिरोज्याची अंगठी समोरच्या दांडीवर ठोकायची. टक्. की मी जीभ वळवायची. बस्स. काही महिन्यांत असं झालं की टक् ऐकलं की डोकं विचारच करायचं नाही, तोंड आपोआप दुसऱ्या माणसाचं व्हायचं. पुढं कॅमेऱ्यासमोर कुणी "ॲक्शन" म्हटलं की मला ती अंगठीच ऐकू यायची. कुठल्याही शाळेनं मला जे दिलं नाही, ते त्या टक् नं दिलं. पण चाचांना हे सांगायला जावं तर म्हणायचे, "बस कर, डायलॉग मत मार."

आणि मुंबईला निघालो तो दिवस! सांगू नये, पण सांगतो. मी म्हटलं होतं, गुपचूप जातो, जमलं तर जमलं, नाहीतर परत येतो, कुणाला कळायला नको. चाचा म्हणाले, "हौ हौ, किसीकू नई बताते." यष्टी स्टँडवर सोडायला रिक्षा काढली. मी मागं पिशवी घेऊन बसलो. पेठेच्या तोंडाशी आलो आणि यांनी माईक पुढं ओढून घेतला. फुंकर मारली. "भवानी पेठवालो! अपना मैंदर्गी बंबई जारा! ऐक्टर बनने कू जारा! दुआ करो, आशीर्वाद द्या!" मराठीत, तेलुगूत, कानडीत, एकेका वळणावर, स्वतःच स्वतःला टक् करून. बायका दारात आल्या. कुणी हातात कडक भाकरीची चवड दिली, कुणी चटणीची पुडी. चप्पलवाली मावशी आली, माझी अलाबला घेऊन म्हणाली, "तिकडं गेल्यावर जीभ सांभाळ रं." मी सीटखाली तोंड घालून बसलेलो. चीड आली होती. इतकी चीड आयुष्यात कुणाची आली नाही. कारण अख्ख्या पेठेला सांगून ठेवल्यावर परत यायची सोय राहिली का? मुंबईत उपाशी झोपलो, फुटपाथवर डोळ्यांत पाणी आलं, पिशवी कितीदा भरली आणि दर वेळी वाटलं, भोंग्यावर सांगून आलोय. पिशवी रिकामी केली.

नंतर चाचांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जीव ठेवला, आवाज काढून घेतला. तेव्हापासून ते मिस्ड कॉल देतात. मी टीव्हीवर दिसलो की एक मिस्ड कॉल. मालिकेचा तोच भाग दुपारी पुन्हा लागला की पुन्हा मिस्ड कॉल. एकदा मी तिरडीवर होतो, तोंडात तुळशीपत्र, भोवती बायका रडतायत, कॅमेरा हळूहळू माझ्या चेहऱ्यावर येतोय, आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. मेलेल्या माणसाच्या खिशात! रडणाऱ्या बायका हसत सुटल्या. त्या दिग्दर्शकानं मला परत कधी बोलावलं नाही. बाहेर येऊन फोन बघितला: दस्तगीरचाचा. ज्याला आवाज नाही त्याच्यावर ओरडताही येत नाही.

तर हे सगळं घेऊन त्या संध्याकाळी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. चाची बाहेर आल्या. "अगे, मैंदर्गी! देखो तो, कितना सूख गया! बंबई में पानी नई क्या?"

चाचा खाटेवर बसले होते. गळ्याला पांढरा मफलर, त्या उकाड्यात. मला बघून दोन्ही हात वर केले. मग बोटांनी, ओठांनी काहीतरी म्हणाले.

"चाय पियेगा क्या पूछ रैं," चाचींनी सांगितलं.

चाचांनी कपाळावर हात मारला. पुन्हा हातवारे केले.

"हाँ हाँ, खाना खाके जा बोल रैं."

चाचांनी मांडीवर थाप मारली, उठले, चाचींकडं पाठ केली आणि माझ्यापुढं बोटानं हवेत चौकोन काढला, मग अंगठा वर. शूटिंग कसं चाललंय, हे विचारत होते.

"आयुष्यभर ये आदमी बोला, मैं सुनी," चाची म्हणाल्या. "अब मैं बोलती तो गुस्सा आता."

मी खाटेच्या कडेला टेकलो. सगळं सांगितलं. कोल्हापूरवाला, मृण्मयी, मनातलं 'आहे'. शेवटी म्हटलं, "चाचा, माझी जीभच गेली."

म्हटलं आणि चरकलो, कुणापुढं काय बोलून बसलो म्हणून. पण चाचा हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी. मग उठले आणि दारामागची किल्ली काढली.

रिक्षा तीच, आता पेनड्राइव्हवर बोलणारी. रेक्झिन नवं, काथ्या आत. त्यांनी पेनड्राइव्ह उपटून खिशात टाकला, सीटखालून माईक काढला, त्याला अजून तोच रुमाल, धुऊन धुऊन विटलेला. माझ्या हातात दिला. मी हुंगला. अत्तर नव्हतं, विडा नव्हता. साबणाचा वास होता.

"काय सांगू पण? माल काय?" मी विचारलं. चाचांनी खांदे उडवले. आणि गाडी काढली.

दिवेलागण होत होती. पेनड्राइव्हवरचीच ओळ म्हटली, "आपल्या शहरात प्रथमच..." घाण वाटलं. स्वच्छ, सरळ, मेलेलं मराठी. कुणी मान वर केली नाही. एक कुत्रं उठलं, तेही भोंग्याला मान देऊन. पुढची गल्ली आली. चाचांचा उजवा हात दांडीवर गेला. टक्.

"रंडी अम्मा, रंडी," माझ्या तोंडून निघालं. "चूडंडी!" कुणाला बोलावतोय, काय दाखवतोय, काही नाही. बिड्या वळणाऱ्या दोघी-तिघी होत्या, आधीपेक्षा म्हाताऱ्या. एकीनं कपाळावर हात धरून बघितलं आणि हसली. मला बरं वाटलं. चेव आला. मी "रंडी, रंडी" करत राहिलो, मान बाहेर काढून, हात हलवत. आणि रिक्षा वळली.

टक् झालं नाही.

मी वाट बघत होतो ना! जीभ त्या टक् च्या भरवशावर होती. मराठी गल्ली लागली आणि भोंग्यातून माझंच ते मानाचं बोलावणं गेलं, खणखणीत.

ओट्यावरून एक म्हातारी उठली. चप्पल शोधायला तिला वेळ लागला, पण सापडली.

"कोन हाय रं त्यो? कुणाला म्हनला?"

"न्हाय ओ मावशी!" मी ओरडलो. "तुमाला न्हाय! म्हंजी तुमालाच, पन तसं न्हाय! या म्हनलो, या! तेलगूत या म्हंत्यात की! चाचा, गाडी का थांबिवली ओ? हाना की फुडं! मावशी, चप्पल खाली ठिवा की, मी लई लांबनं आलोय ओ, मारू नगा!"

म्हातारी थबकली. चष्मा वर केला. "आगं बाई. मैंदर्गी हाय व्हय रं?"

"व्हय की मावशी."

"अजून सुदारला न्हाईस?"

गल्ली हसली. पलीकडची गल्ली हसली. माईक चालू होता, अर्थातच. आणि मग माझं मलाच ऐकू आलं, भोंग्यातून, वरून, दुसऱ्या कुणाचा तरी आवाज ऐकावा तसं: व्हय की. त्याच्या आधी मनात दुसरं काहीच आलं नव्हतं.

पुढं चाचांचे खांदे हलत होते. टक् मुद्दाम चुकवलं की खरंच विसरले, मी किती विचारलं. त्यांनी बोटानं वर आकाशाकडं दाखवलं, मग चहाच्या टपरीकडं. उत्तर कुठलं, ते चाचींनाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दिग्दर्शकाला म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा असं काही म्हटलं, की ती रंगवलेली रिक्षा नको. ही घ्या. आणि चालवायला हा माणूस घ्या. तोंड दाखवू नका हवं तर. तो गोड हसला, म्हणाला, "बघू सर, एक टेक करून." व्यवस्थापक फोन हातात घेऊनच उभा होता. माईकवर फुंकर मारली. चाचांचे ओठ हलले, मी सिद्धरामेश्वराचं नाव घेतलं. गाडी निघाली. वळण आलं. टक्.

टेक संपला. मग मृण्मयी धावत आली. "दादा, 'मारू नगा'! हे संहितेत नव्हतं. हे कुठून आलं?"

"चपलेतून," मी म्हटलं.

कोल्हापूरच्या माणसाला, आता येऊ नका म्हणून, फोन गेला असावा. त्याची बॅग भरलेली राहिली, त्याचं मला वाईट वाटतं.

आता मुंबईत डबिंग चाललंय. परवा ध्वनीवाला म्हणाला, "सर, रिक्षाच्या सीनमध्ये दर वळणाला कुणीतरी ठोकतंय. साफ करून टाकतो." म्हटलं, बाबा, हवं तर माझं एक वाक्य काढ, पण ते राहू दे. तो म्हणाला, "नॉईज आहे हो." मी त्याच्या हातापाया पडलो, जसे चाचा माझ्यासाठी त्या मावशीच्या पडले होते. मृण्मयीही भांडली. ते टक् राहिलं. चाचांचा चेहरा सिनेमात नाही, नाव कुठं बारीक अक्षरांत येईल, येईल की नाही तेही सांगता येत नाही. अंगठी मात्र वाजेल.

मघाशी हे लिहिता लिहिता फोन वाजून बंद झाला. दस्तगीरचाचा. दुपारची मालिका लागली असणार, तिरडीवाला भाग.

चाचा, वाचून दाखवायला कुणीतरी असेलच, तर ऐका. हा सिनेमा ज्या दिवशी सोलापुरात लागेल, त्या दिवशी मी येतोय. पेनड्राइव्ह काढून ठेवा. रुमालाला थोडं अत्तर लावा. या वेळी पिक्चरचं नाव नंतर. आधी नाव, मग माल: प्रत्येक गल्लीत, चारी भाषांत, आधी तुमचं नाव घेणार. मला जसं भोंग्यावर सांगून घालवलंत, तसं तुमाला भोंग्यावर सांगून मिरवणार, तुमी सीटखाली तोंड घातलं तरी. लई दिवसांचं राहिलंय त्ये.

जीभ मी वळवतो. टक् तेवढं तुमी करा.